मामंजींची सुतळी आणि माझी उंची

बाई आणि बाप्या यांच्यात फरक किती, हे सुतळीनं मोजून सांगणारा माणूस उभ्या निजामशाहीत एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. यात वाढवून सांगितलेलं काही नाही. हैदराबादेत मोठमोठे वकील, मौलवी, पंडित असतील, त्यांनी या विषयावर पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या असतील, पण त्यांच्यातल्या एकानंही बायकोला अंबाडा सोडायला लावून तिच्या डोक्याचा घेर मोजला असेल असं मला वाटत नाही. आमच्या मामंजींनी मोजला. सासऱ्याला आमच्याकडे मामंजी म्हणायचं आणि सासूला आत्याबाई. त्यांची नावं मी तेव्हा कधी घेतली नाहीत, आणि आता ती दोघं जाऊन जमाना झाला तरी लिहायला हात धजत नाही, तेव्हा तुम्हीही मामंजी एवढ्यावरच भागवून घ्या. गाव आमचं हसनाबादच्या अलीकडचं, काळ्या मातीचं, कापूस-ज्वारीचं. शाळा म्हणाल तर दूर, आणि होती ती उर्दूची, तीही पोरांची. मी अक्षरं शिकले ती पुढं माझ्याच लेकरांच्या पाटीवरून, त्यामुळं लिहिताना बोलल्यासारखं होतं, ते सांभाळून घ्या.

तर मामंजींचा हा मोजायचा नाद आला कुठून, ते आधी सांगते. ते जवान असताना सरकारी मोजणीदार आमच्या भागात जमिनी मोजायला आला होता. त्याची लोखंडी साखळी असायची, तिला जरीब म्हणत. ती ओढायला त्यानं मामंजींना मजुरीनं धरलं. बांधाबांधानं फिरताना मामंजींनी एक चमत्कार पाहिला. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन एकमेकांच्या अंगावर धावून यायचे, बायका पदर पसरून रडायच्या, आणि एकदा जरीब जमिनीवर पडली, मोजणीदारानं आकडा सांगितला, की सगळे गप्प व्हायचे. कुऱ्हाडी खांद्यावर टाकून घरी जायचे. तेव्हापासून मामंजींचं मत पक्कं झालं की जगात भांडणं होतात ती माणसं मोजत नाहीत म्हणून. मोजणीदार गेला, जरीब त्याच्याबरोबर गेली. मामंजींनी अंबाडीची सुतळी वळली, हाताहातावर मोठी गाठ, बोटाबोटावर बारकी गाठ मारली, आणि ती कमरेला बांधून टाकली. मग त्यांनी काय मोजलं नाही ते विचारा. कालवडीची शेपटी मोजली. आडाचं पाणी मोजलं. ताटात पडलेली भाकरी मोजून ते आत्याबाईंना म्हणायचे, "काल्च्यापेक्षा बोटभर बारकी हाय." आत्याबाई म्हणायच्या, "भूक मोजता आली तर ती मोजा, मंग मी भाकरी मोजून थापते."

बाईमाणसाचा विषय त्यांच्या डोक्यात घातला तोही आत्याबाईंनीच. कशावरून तरी बाचाबाची झाली आणि आत्याबाई म्हणाल्या, "बाईच्या जल्माला आले असते तर कळलं असतं तुम्हाला." आता हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक घरात रोज एकदा तरी म्हटलं जातं, आणि प्रत्येक घरातला बाप्या ते ऐकून पायताण घालतो आणि बाहेर जातो. मामंजी गेले नाहीत. ते म्हणाले, "काय कळलं असतं?" आत्याबाई शेण काढत होत्या, त्यांनी उत्तर दिलं नाही. झालं. ज्या गोष्टीचं उत्तर मिळालं नाही ती मोजलीच पाहिजे, असं धरून मामंजी कामाला लागले. दुसऱ्याच दिवशी पहाटे ते जात्यावर जाऊन बसले. दिवसभर मोट हाकणारा, नांगर धरणारा गडी तो. म्हणाले, ताकद कोणाची किती ते आज ठरवू. थोडं पीठ पडलं आणि त्यांचा खांदा भरून आला. जात्यावर बसलं की ओवी म्हणायची असते, तिच्यानं हात चालतो, असं आत्याबाईंनी सांगितलं. मामंजींना ओवी कुठली यायला, त्यांनी त्या चालीवर पाठ होते ते शेतांचे नंबर आणि चतुःसीमा म्हणायला सुरुवात केली, "पूर्वेला ओढा गं बाई, पश्चिमेला गायरान". शेजारच्या बायका जातं थांबवून भिंतीला कान लावून बसल्या. पीठ इतकं जाडं पडलं की ते म्हशीपुढं ठेवावं लागलं. पण मामंजींनी त्या दिवशी पारावर जाऊन सांगितलं ते असं, की बाईची ताकद कमी नाही, ती फक्त दुसऱ्या जागी असते, बैलाची मानेत असते आणि घोड्याची पाठीत असते तशी. हे ऐकून आत्याबाईंना आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. त्या म्हणाल्या, "सांगितलं ते सांगितलं, जनावरांची नावं कामून घेतली?"

पारावर त्यांच्याशी वाद घालायला कायम एकच माणूस असायचा, आमच्या गावचे शेठजी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, किराण्याचं दुकान, माणूस गोड, पण मामंजी पूर्व म्हणाले की शेठजी पश्चिम म्हणणार, असं त्यांचं ठरलेलं. शेठजी म्हणाले, "पाटील, ताकद सोडा. भेजा बाईचा छोटा असतो, यह तो सब जानते हैं." मामंजी म्हणाले, "कोणी मोजला?" मोजला कोणीच नव्हता. मग मामंजींनी शेठजींना पगडी उतरवायला लावली, डोक्याभोवती सुतळी फिरवली, घरी येऊन आत्याबाईंना अंबाडा सोडायला लावला आणि त्यांच्या डोक्याभोवती फिरवली. आत्याबाईंचं डोकं बोटभर मोठं भरलं. शेठजी म्हणाले, केसांमुळं भरलं. मामंजी म्हणाले, केस वजा करून सांगून राह्यलो. शेठजी काही हार जाणारे नव्हते. ते म्हणाले, "कापसाचा बोजा मोठा असतो, चांदी छोटी असते." यावर मामंजी घरी येऊन सुतळीच्या गाठी चाचपत बसले. डोक्यात चांदी आहे का कापूस, हे मोजायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

पपईचा वाद मात्र ते जिंकले. शेठजींनी एकदा दुकानाच्या परसातली पपई दाखवून म्हटलं, बघा, झाडात सुद्धा देवानं नर आणि मादी वेगळी केली, तिथं तुमची बराबरी कुठली आली. मामंजी झाडाजवळ गेले, खालून वर पाहिलं, आणि विचारलं, "नर झाडाचं तुम्ही काय करता?" शेठजी बोलून गेले, "काय करायचं, फळ देत नाही, तोडून टाकतो. एखादा ठेवतो." मामंजी म्हणाले, "मंग कायदा पपईचा लावायचा का? गावात एखादा बाप्या ठेवू. तुमचं नाव सांगतो." त्या दिवसानंतर शेठजींनी झाडाझुडपाचा दाखला कधी दिला नाही.

हे सगळं मी आत्याबाईंच्या आणि शेजारणींच्या तोंडून ऐकलेलं. माझा आणि सुतळीचा संबंध आला तो राजूरच्या गणपतीच्या देवळात. माझं माहेर राजूरजवळचं. त्या काळी लग्नं लहानपणीच ठरायची, तसं माझंही चतुर्थीच्या गर्दीत ठरलं. मला आणि मुलाला देवळाच्या ओट्याजवळ शेजारी उभं केलं, आणि या माणसानं कमरेची सुतळी काढून आधी मुलाला टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं, मग मला. माझ्या आईला वाटलं, सोयरे लग्नातल्या झंपराचं माप घेऊन राह्यले, आणि ती म्हणाली, "वाढतं माप धरा हो, पोर वाढीची हाय." ते कुणी मनावर घेतलं नाही. मामंजी सगळ्या पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "जोडा मापात हाय. पोरगी वीतभर कमी हाय. मी जबान देतो." हसनाबादहून आत्याबाईंचे भाऊ आले होते, त्यांना आम्ही हसनाबादचे मामा म्हणू. त्यांना आपली मुलगी या मुलाला द्यायची होती, मामाची मुलगी करायची रीतच आहे आमच्यात, पण ती तेव्हा रांगत होती. मामंजींनी जबान दिली आणि मामा गप्प बसले. गप्प बसले, पण विसरले नाहीत.

लग्न लागून मी माहेरीच राहिले. काही वर्षांनी नांदायला पाठवली तेव्हा काय झालं होतं, तर मी वाढले होते. एरंडासारखी वाढले होते. घराच्या दारात तोरण बांधलेलं, आमचे मालक त्याच्याखालून सरळ आत गेले, आणि मागून मी आले ती तोरण डोक्यावर घेऊनच. आंब्याची पानं माझ्या पदरात अडकली. ओवाळायला आलेल्या बायका आधी हसल्या, मग एकमेकींकडे पाहायला लागल्या. आत्याबाईंनी ताट खाली ठेवलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वाक जराशी." तेव्हापासून मी वाकले. पदर तर छातीपर्यंत ओढलेला असायचाच, सासऱ्यासमोर तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, ते ओसरीवर असले की आपण दाराआड, ही रीतच होती. त्यात आता गुडघे दुमडून, पाठ वाकवून चालायचं. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन गुडघे दुमडून चालून पाहा कधी. गावात बोललं जायचं ते आडावर माझ्या कानावर यायचं. बायकोची सावली नवऱ्यावर पडते म्हणायचे. असा जोडा घराला धार्जिणा नसतो म्हणायचे. आणि महिन्याभरात हसनाबादचे मामा येऊन ओसरीवर बसले. "दाजी," ते मामंजींना म्हणाले, "तुमच्या सुतळीला वाळवी लागली का?"

मामांचं म्हणणं सरळ होतं. पोरगी परत पाठवा, त्यांची मुलगी आता मोठी होत आलीये, तिला करून घ्या. आत्याबाईंचं मन भावाकडे ओढ घेत होतं, ते मला दाराआडून दिसत होतं. आणि परत पाठवलेल्या पोरीचं काय होतं ते तेव्हा कुणाला सांगावं लागत नव्हतं. माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या. थोरलीला टाकून दिली म्हटल्यावर त्यांच्या दारात कोण आलं असतं? मी दाराआड उभी राहून देवाला सांगत होते, मला बुटकी कर. एवढंच मागत होते.

मामंजींना दोन गोष्टींचा राग आला. एक, त्यांच्या मापाला खोटं म्हटलं होतं. आणि दुसरं, त्यांनी दिलेली जबान मोडायला सांगितलं होतं. त्यांनी मुदत मागितली आणि सुतळी घेऊन गावभर फिरले. ज्या घरात पाठोपाठची बहीण-भाऊ होती त्या प्रत्येक घरात जाऊन पोरं मोजली, म्हाताऱ्यांना विचारलं, कुणाची वाढ कधी झाली. परत आले ते खुशीत. म्हणाले, पोरी आधी वाढतात आणि थांबतात, पोरं मागून वाढतात आणि पुढं जातात. सगळ्या घरात हेच. आपला पोरगाही वाढेल. आता पाहा, शेठजींना याहून चांगली संधी कुठली मिळणार होती? त्यांनी पारावर मामंजींना धरलं. "पाटील, काल बोलत होते बाई-बाप्यात फरक नाही. आज बोलता पोरी आधी वाढतात. एक तो कुछ तय करो." मामंजी जरा अडखळले, पण म्हणाले, "फरक मुदतीचा हाय, शेठजी. मालाचा न्हाई." मामांना त्यांनी येत्या आकितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबायला सांगितलं, तशी जबानच दिली. तोवर पोरगा वाढला तर सून राहील, नाही वाढला तर मामा म्हणतील तसं. हे माझ्या नशिबाचं ठरलं तेव्हा मी आत बसून लसूण सोलत होते.

मग आमच्या घरात पोरगा वाढवायची मोहीम सुरू झाली. रोज सकाळी आमचे मालक लिंबाच्या फांदीला लोंबकळायचे. आत्याबाई खाली उभ्या राहून म्हणायच्या, "अजून जरासं, अजून जरासं," आणि ते वरून म्हणायचे, "आई, हात लांब होऊन राह्यले." आत्याबाईंनी म्हशीचं दूध त्यांना तांब्यानं सुरू केलं, डिंकाचे लाडू केले, तूप त्यांच्या भातावर ओतायचं बाकी ठेवलं नाही. आणि माझ्या ताटात कोरडी भाकर आणि चटणी. दुष्टावा नव्हता हो त्यात. माझी वाढ थांबली तर मलाच घरात राहता येईल, असा त्यांचा हिशेब होता. "थोडं कमी खा माय," असं त्या मायेनंच म्हणायच्या. पण मामंजींच्या ते लक्षात आलं. जेवताना त्यांनी आत्याबाईंना विचारलं, पोराला दूध आहे, सुनेला का नाही? आत्याबाईंनी कारण सांगितलं. मामंजी म्हणाले, असं चालणार नाही. एका वाफ्याला पाणी द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, आणि मग पीक मोजायचं, ही मोजणी कुठली? मापात खोट आली. दोघांना बराबर द्या, आणि मग काय होतं ते पाहू. आत्याबाईंनी खूप समजावलं, पण मापाच्या बाबतीत ते देवाचंही ऐकत नसत. म्हणून त्या साली आमच्या गावात मी एकटीच सून होते जिला नवऱ्याएवढं दूध, नवऱ्याएवढं तूप आणि नवऱ्याएवढे डिंकाचे लाडू मिळत होते. माझ्या गालावर तुकतुकी आली. आणि पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. लुगडं आखूड पडायला लागलं. मी ते कमरेला सैल सोडून पावलांवर ओढायची आणि कुणाला सांगायची नाही.

आकितीला हसनाबादचे मामा आले ते नवा पटका बांधून, खण-नारळ आणि गुळाची भेली घेऊन. ओसरीवर सतरंजी टाकली. पंच म्हणून शेठजींना बोलावलं होतं. आत पुरण शिजलं होतं, आत्याबाई ते वाटत होत्या, पण पाट्यावरचा हात मधेच थांबायचा. आमच्या मालकांनी त्या दिवशी पटका असा काही उंच बांधला होता की मामंजी पाहताच म्हणाले, "काढ तो." पटका निघाला आणि ते होते तेवढे झाले. मग मला बाहेर बोलावलं. मी पदर ओढून, सवयीप्रमाणे वाकून भिंतीला लागून उभी राहिले.

"सरळ उभी ऱ्हा, सूनबाई," मामंजी म्हणाले. "वाकली तर मोजणी खोटी."

मी सरळ झाले. वर्षभरानं सरळ झाले. पाठीत काहीतरी कडकन वाजलं ते शेठजींनाही ऐकू आलं. मामंजींनी सुतळी लावली, मग पोराला लावली, मग पुन्हा मला. माझं माप त्यांनी आत्याबाईंच्या हातानं धरून घेतलं, सुनेला हात लावायचा नाही म्हणून. आत्याबाईंच्या हाताचं पुरण सुतळीला लागलं. मी दाराआड परत गेले आणि कान देऊन उभी राहिले. मामंजींना तिथं खोटं बोलता आलं असतं. गाठी त्यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हत्या. पण ते म्हणाले, "पोरगा वाढला. दोन बोटं वाढला. पोरगी तीन वाढली."

 मग मामांनी खण-नारळ पुढं सरकवलं. "दाजी, आता ठरल्यापरमाणं. अन् दूध दोघांना पाजा म्हून मी सांगायला न्हवतो आलो."

मामंजी सुतळी बोटांवर गुंडाळायला लागले. मग बोलले, आणि नेहमी पारावर बोलायचे तशा आवाजात नाही, हळू बोलले. "मी लई सालापासून मोजून राह्यलो. मला वाटायचं, फरक न्हाई हे एकदा मापानं दाखवलं की बायांना बराबरीनं वागवा म्हणता येईल लोकांला. आता फरक निघाला. उद्या अजून निघतील, कोण जाणे किती. म्हून काय पोरीला गाडीत बसवून धाडून द्यायची? तिचं काय चुकलं? फरक निघाला तर निघू द्या. घर तिचं हाय. ती ऱ्हाईल."

"अन् मला दिली ती जबान?" मामा म्हणाले.

"ती चुकली. माझी चुकली, तिची न्हाई."

"मंग इतके दिवस मोजलं कशाला?"

"तेच मला बी कळून न्हाई राह्यलं," मामंजी म्हणाले.

मला वाटलं, आता शेठजी तुटून पडणार. कायमचा प्रतिपक्ष, आणि समोरचा माणूस स्वतःच्या तोंडानं चुकलो म्हणतोय. शेठजींनी पगडी नीट केली आणि म्हणाले, "पाटील, पंचायतीत दोनो बाजू ऐकतात. एक बाजू तर दाराच्या पीछे उभी आहे. तिला किसीने पूछा?"

कुणीच विचारलं नव्हतं. मामंजींनीही नाही. बायांच्या बाजूनं इतकी वर्षं अख्ख्या गावाशी भांडलेला तो माणूस, पण घरातल्या सुनेचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. ते दाराकडे वळले असावेत, कारण आवाज जवळ आला. "सूनबाई, तुझं काय म्हणणं?"

 सासऱ्याशी बोलायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "मला हितं ऱ्हायचंय." मग वाटलं, बोलायला मिळालंच आहे तर पुरतं बोलून घ्यावं, म्हणून म्हणाले, "पण वाकून चालणं आता होत न्हाई. पाठ दुखती."

त्यावर आमचे मालक बोलले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि वडिलांसमोर ते कधी बोलत नसत. जमिनीकडे पाहत म्हणाले, "शिंक्यावरचं दही तिला काढता येतं. मला न्हाई येत."

शेठजी मोठ्यानं हसले. आणि आत्याबाई, ज्यांच्या मनात काय आहे हे मला शेवटपर्यंत समजलं नव्हतं, त्या पुरणाच्या हातानं तशाच ओसरीवर गेल्या. "दादा," त्या भावाला म्हणाल्या, "पुरण झालंय. पाट मांडते, जेवून जा. पोरीसाठी चांगलं घर पाहू, मी बी पाहाते." एवढंच. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो हे सुतळीला कधीच माहीत नव्हतं, मामांना मात्र माहीत होतं. ते जेवले. रागात होते, पण पोळ्या चांगल्या खाल्ल्या. जाताना खण-नारळ परत नेला, गुळाची भेली राहू दिली. मामांची मुलगी पुढं भोकरदनकडं चांगल्या घरी पडली, आत्याबाईंनीच ते स्थळ आणलं.

मामंजींनी त्यानंतर सुतळी टाकून दिली वगैरे काही नाही. माणसाचा नाद असा जात नाही. आड, बांध, भाकरी, सगळं मोजणं चालू होतं. माणसं तेवढी मोजायचं सोडलं. आणि एक नवीन खोड लागली. पारावर वाद झाला की घरी येऊन ओसरीवर बसायचे आणि दाराकडे तोंड करून सांगायचे, शेठजी आज असं म्हणाले, मी असं म्हणालो, तुझं काय म्हणणं? मी आतून उत्तर द्यायची. आधी एका शब्दात, मग वाक्यात, मग चांगली वादात पडायची. पहिलं लेकरू झाल्यावर मी त्यांना दाराआडून सांगितलं, मामंजी, तुम्ही फरक नाही म्हणत होता ते मला पटत नाही, फरक मोठा आहे, तो तुम्हाला कळायचा नाही. ते खाकरले. मग म्हणाले, "मंग सांग ना. मी कधीचा विचारून राह्यलो." मी सांगायला लागले. किती सांगितलं ते आठवत नाही, पण बाळ मधे उठलं, त्याला घेतलं आणि पुन्हा येऊन सांगत राहिले, आणि ते बाहेर बसून ऐकत होते. मधे एकदाही बोलले नाहीत.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या साली ते गेले. आमचे मालक नंतर वाढले थोडेफार, पण मला काही त्यांनी गाठलं नाही, आणि पुढं त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. मामंजींचा फोटो नाही. फोटोला जालन्याला जावं लागायचं, स्टेशनाजवळ एक काढणारा होता. जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं. आता नाती विचारतात, कसे दिसायचे गं ते, गोरे होते का, उंच होते का? मला सांगता येत नाही. सबंध गावाची मापं घेतली त्यांनी, त्यांचं कुणी घेतलं नाही, आणि मी, देवळात पोर असताना मान खाली घालून होते, आणि सून झाल्यावर त्यांच्यासमोर ताठ उभी राहिले ती एकदाच, तीही पदराआड. पाय आठवतात, मातीनं भेगाळलेले. आणि आवाज आठवतो. जरासा बसका, आधी खाकरायचे, मग विचारायचे. नातींना मी तोच सांगते, दाराच्या पलीकडून यायचा तसा.